ओटा, खळं आणि बेलामींचा जिना

इंग्रजांच्या जुन्या मालिकांत सगळ्यात जास्त कोण राबत असेल तर घंटी. वरच्या मजल्यावर बाईसाहेबांनी दोरी ओढली की तळघरातल्या भिंतीवर ती वाजते आणि हातातला चहाचा कप तसाच ठेवून कुणीतरी डोक्यावरची टोपी सावरत जिन्याकडे पळतं. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' बघायला बसलं की दोन-चार भागांतच आपल्यालाही सवय लागते. घंटी वाजली की आपणच उठावं असं वाटतं. मी तर कधीकधी उठतोही, कारण ती आमच्या धुळ्याच्या देवपुरातल्या घराची बेल असते आणि बाहेर दूधवाला ताटकळत उभा असतो.

मालिका आता म्हातारी झाली. लंडन वीकएंड टेलिव्हिजननं ती ऑक्टोबर १९७१ मध्ये सुरू केली आणि डिसेंबर १९७५ मध्ये संपवली, भाग ६८. लंडनच्या बेलग्रेव्हिया भागातलं ईटन प्लेस १६५ हे घर. वर खासदार रिचर्ड बेलामी, उमराव घराण्यातली त्यांची बायको लेडी मार्जोरी आणि मुलं. खाली बटलर हडसन, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मिसेस ब्रिजेस, मोलकरीण रोझ आणि बाकीचा गोतावळा. काळ १९०३ पासून १९३० पर्यंतचा. कल्पना जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन नट्यांची. जीन मार्शनं स्वतःसाठी रेशमी झग्यातली बाईसाहेब न ठेवता रोझ ठेवली, यातच तिचं शहाणपण आलं. पहिल्या मोसमातले काही भाग काळेपांढरे आहेत, त्याची गंमत वेगळीच. रंगीत कॅमेऱ्यावर काम करायचं तर पगार वाढवा, म्हणून तिथले तंत्रज्ञ तेव्हा अडून बसले होते. गोष्ट मालक-नोकरांची, आणि तिला रंग मिळेना तो नोकरांनी हात आखडता घेतला म्हणून!

बघताना आई शेजारी असते. तिला इंग्रजी येत नाही आणि माझंही यथातथाच, म्हणून खालच्या ओळी वाचून मी तिला सांगत जातो. ती ऐकते आणि अहिराणीत निकाल देते. पहिल्याच दिवशी तिनं सगळी नोकरमंडळी नजरेखालून घातली आणि विचारलं, "इतला मानसे शेतस, मंग दूध कोन काढस?" या घरात गाय नाही, म्हटलं. तिचं समाधान झालं नाही. गाय नाही, बैल नाही, दारात गाडी नाही, आणि घर म्हणे मोठं! लेडी मार्जोरीला तिची दासी केस विंचरून देते, गळ्यात हार घालून देते, हे पाहिल्यावर आईच्या मनात खरीच काळजी दाटून आली. "हिले काय व्हयनं? आजारी शे का?"

असं ऐकलं की आपली छाती जराशी फुगते. आमच्या पिढीतले खानदेशी लोक हे ठासून सांगतात: आमच्याकडे वरचा-खालचा असला प्रकार नव्हताच हो. पाटील स्वतः औतामागे चालायचा. गड्याच्या पायाला जी माती तीच मालकाच्या पायाला. पाटलीणबाई पहाटे उठून भाकरी थापायची, आणि ती घरातल्यांना आणि गड्याला एकाच तव्यावरची. यातलं काही खोटं नाही. आमची गावाकडची घरं तर धाब्याची, एकमजली. वरचा मजला म्हणजे धाबं, आणि त्याचा मान बिबड्यांना नि मिरच्यांना. उन्हाळ्यात रात्री सगळेच वर झोपायचे. आता जिनाच नाही तर वरचा कोण आणि खालचा कोण?

पण मालिका बघत गेलो तसा मला त्या घराचा नकाशा दिसायला लागला. जिना होता, फक्त तो आडवा पाडून ठेवलेला होता. पुढे ओटा, त्यावर नाना, म्हणजे माझे आजोबा, आणि त्यांच्यासमोर पंचक्रोशी. मग बैठकीची खोली, मग माजघर, मग चूल, मग मागचं दार, आणि ते ओलांडलं की खळं. खळ्यात बैल, गाय, कडबा, शेणाचा उकिरडा आणि एक खाट. त्या खाटेवर आमचा सालदार. नानांनी ओट्यावरून एक हाक मारली की ती पाच दारं ओलांडून खळ्यात पोचायची. दोरी-घंटीचा खर्च वाचला, एवढंच.

सालदार म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. मराठवाड्यात आणि विदर्भात त्याला सालगडी म्हणतात, तिथे त्याचं साल पाडव्याला ठरतं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. रोख किती, धान्य किती, पोळ्याला कपडे कोणते, हे सगळं त्या आसपास बोलून ठरतं, आणि मग बारा महिने तो माणूस त्या घराचा. पहाटे शेण काढण्यापासून रात्री पिकाला पाणी भरण्यापर्यंत. वीज रात्रीची असली की रात्र त्याची, साप-विंचू त्याचे. न सांगता गैरहजर राहिला तर खाडा. सांगून राहिला तरी खाडाच.

आखाजीचा दिवस मात्र पाहण्यासारखा. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, घरोघर पितरांच्या नावानं भरलेली घागर, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. पुरुषमंडळी पारावर पत्ते कुटत बसलेली; त्या एका दिवशीच्या जुगाराकडे गाव डोळेझाक करतं. आणि या सगळ्यात सालदार कुणाचाच नसतो. जुनं साल भरलेलं, नवं सुरू व्हायचं. तो धुतलेले कपडे घालून गावातून सावकाश चालतो आणि दोन-तीन मालक त्याला बघून न बघितल्यासारखं करत ओट्यावरून खाली उतरतात. हडसन आयुष्यभर चांदीची भांडी मोजत राहिला, त्याला असला दिवस एकदाही मिळाला नाही.

हडसन आमच्याकडेही होते बरं का. मालकापेक्षा मालकाच्या घराण्याची काळजी ज्याला जास्त, तो हडसन. आमचा सालदार दुसऱ्याच्या सालदाराशी बोलताना 'आमचं वावर', 'आमचे बैल' म्हणायचा. बैलजोडी त्याची नव्हती, पण तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर भांडण त्याचं. गावात त्याला फारसं कुणी नावानं हाक मारत नसे. अमक्या पाटलाचा सालदार, एवढी ओळख पुरायची. 'गॉसफर्ड पार्क' या २००१ सालच्या सिनेमात पाहुण्यांबरोबर आलेल्या नोकरांना खालच्या जेवणघरात त्यांच्या मालकांच्याच नावानं पुकारतात. ते पाहून परदेशी माणूस थक्क होत असेल. आमच्याकडचा माणूस सिनेमा थांबवून चहा टाकायला जाईल.

नावावरून आठवलं. 'अपस्टेअर्स'च्या पहिल्याच भागात नोकरीला आलेली मुलगी आपलं नाव क्लेमन्स सांगते. लेडी मार्जोरी म्हणते, हे नाव मोलकरणीला शोभत नाही, तू आजपासून सारा. मुलगी सारा होऊन कामाला लागते. मुंबईत एके काळी घरोघरच्या गड्याला सरसकट 'रामा' म्हणत, मग तो बारशाला कुणीही असो. पुढे हिंदी सिनेमानं त्याला बढती देऊन रामूकाका केलं. खांद्यावर फडकं, हातात ट्रे, आणि मालकाच्या मुलीच्या लग्नात सगळ्यात आधी रडायचं काम.

आमच्या सध्याच्या मराठी मालिकांत तेही उरलं नाही. वाडा केवढा, पण त्यात झाडू मारताना कुणी दिसत नाही. सगळ्या बाया पैठणी नेसून जिन्यावर उभ्या. आईचा प्रश्न तिथेही लागू पडतो, पण त्या मालिका बघताना ती तो विचारत नाही.

आता कपबशीचं सांगतो. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला, चुलीच्या धुरानं काळ्या पडलेल्या भिंतीत एक छोटी देवळी होती. तिच्यात एक कपबशी. पांढरी, निळ्या काठाची, कान उडालेली, बशीला मधोमध केसासारखा तडा. ती सालदाराची. चहा आमच्याच पातेल्यातला, साखरही तेवढीच, दूध त्यानंच काढलेल्या गायीचं. फक्त कप वेगळा. चहा वरून ओतला जायचा, तो पिऊन सालदार कप स्वतः विसळायचा आणि देवळीत पालथा घालायचा. कधी कुणी कुणाला रागावलं नाही, कुणी कुणाला सांगितलंही नाही. ईटन प्लेसमध्ये वरचे आणि खालचे वेगळे बसून जेवले तरी मिसेस ब्रिजेसच्या हातचं वरच्यांना चालत होतं. त्यांच्या जिन्याला पायऱ्या होत्या, एखादी हुशार मुलगी चढूनही जायची. देवळीला पायऱ्या नसतात. आमच्या गावाकडचं घर पाडून आम्ही देवपुरात आलो. एकवीरेच्या देवळापासून कॉलेजांच्या रस्त्यापर्यंत अशी आम्हा खेड्यांतून आलेल्यांची घरं दाटीवाटीनं उभी आहेत. देवळ्या गेल्या, पण या घरांतल्या कितीतरी स्वयंपाकघरांच्या खिडकीच्या गजाला भांडी घासणाऱ्या ताईंचा वेगळा स्टीलचा ग्लास अडकवलेला मी पाहिला आहे. पांझरा नदीवरचा पूल ओलांडून तोही आमच्याबरोबर शहरात आला.

दुसरी गोष्ट बायकांची. मालिकेत खाली निम्म्याहून जास्त बायका आहेत, त्यांना पगार आहे, अर्धी सुट्टी आहे, प्रेमं आहेत, भांडणं आहेत. सालदाराच्या बायकोला काय होतं? साल नवऱ्याचं ठरायचं आणि ती त्यात आलेलीच असायची. खळं झाडणं, शेणाच्या गोवऱ्या, धान्य पाखडणं, लग्नकार्यात भांड्यांचे ढीग. तिच्यासाठी आकडा बोललेला मी तरी ऐकला नाही. हे आईला विचारलं तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली की लुगडं द्यायचो की. लुगडं द्यायचे, हेही खरं.

आमच्या घरी सालाची वही होती, अजून आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. नानांचं अक्षर टपोरं. विडी बंडल. धोतरजोडी. दवाखाना. बहिणीच्या लग्नाला उचल. मग पुढच्या आखाजीला मागची उचल खाली ओढून नव्या सालात जमा. असं ओढत ओढत एकच उचल कितीतरी पानं चाललेली दिसते. १९७५ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्याकडे वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. वहीत त्याची नोंद नाही. एका पानावर मात्र अशी ओळ आहे: 'बायको बाळंत, खाडा १'. जीन मार्शच्या मंडळींनी या ओळीवर पन्नास मिनिटांचा भाग काढला असता. खाली मिसेस ब्रिजेस गरम पाणी ठेवते आहे, वर कुणाला पत्ता नाही, हडसन घड्याळ बघतो आहे. आमच्याकडे तो एका ओळीत संपला, आणि ज्याचा जन्म झाला त्याचं नावही तिथे नाही.

टायटॅनिकच्या भागाला आई फार मन लावून बसली होती. लेडी मार्जोरी बुडते. तिची खास दासी रॉबर्ट्स तेवढी वाचते आणि घरी परत येते ती बाईसाहेबांच्या दागिन्यांची पेटी घट्ट धरून, भ्रमिष्टासारखी. मी जरा हललो होतो. आई पुढे वाकली. "पेटी परत दिधी ना तिनी?" म्हटलं, दिली. तेव्हा कुठे ती मागे टेकली. पाटलीणबाईच ती, किती झालं तरी.

आता आखाजीला उलटी वरात निघते. खानदेशात सालदाराचा आकडा लाखाच्या पुढे गेला आणि तरी माणूस मिळत नाही. तरुण पोरं सुरतेला जातात, नाहीतर एमआयडीसीत. मालकच मोटारसायकलवरून वस्ती-वस्तीत फिरतो, दाराशी उभा राहून चहा घेतो, आणि कोणत्या कपातून मिळाला ते बघत नाही. काही मालक यावरून फार हळहळतात; पूर्वीची माणसं राहिली नाहीत, म्हणतात. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. आमच्या सालदाराचा नातू देवपुरातच राहतो, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्याचं घर दुमजली आहे, आमचं अजून एकमजली. रस्त्यात भेटला की तो मला 'सर' म्हणतो आणि मी त्याला. त्याला ती वही दाखवावी की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. अखेर दाखवली. त्यानं बाळंतपणाच्या ओळीचा फोटो काढून घेतला, कारण तो खाडा त्याच्या वडिलांच्या जन्माचा होता.

धुळ्याला जुने कागद नवे नाहीत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावची दप्तरं गोळा करत हिंडले आणि १९२६ च्या शेवटी इथेच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून शहरात आहे. सरदार-इनामदारांचे रुमाल तिथे जपून ठेवलेले आहेत. सालाच्या वह्या मात्र अजून माळ्यावर आहेत, आणि आखाजीच्या झाडलोटीत त्याच सगळ्यात आधी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. तुमच्या घरी असेल तर यंदा ती देऊ नका. मंडळात न्या, पण त्याआधी ज्यांच्या नावाची पानं तिच्यात आहेत, त्यांच्या घरी दाखवून या.