चव आणि लवाजमा

ज्या गावात सरकारी वळूमाता प्रक्षेत्रामुळे गोवंशाची आणि नृसिंहाच्या देवळामुळे भाविकांची सोय उत्तम होती, ते आमचे ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाले. आणि तदनंतर मुंबई-बंगळूर महामार्गाच्या कडेने उत्तुंग इमारती, अभियांत्रिकी व व्यवस्थापनाची महाविद्यालये आणि हिंजवडीकडे सरपटणारी मोटारींची अखंड रांग एवढ्या गोष्टी इतक्या झपाट्याने उगवल्या की, त्यांच्या मागोमाग उगवलेल्या चायनीजच्या गाड्यांची दखल घेण्यास कोणा बखरकाराला सवड झाली नाही. वास्तविक गावाच्या सांप्रतच्या लोकजीवनावर या गाड्यांचा अंमल महानगरपालिकेहून अधिक आहे. दिवेलागणीला लाल अक्षरांचा फलक उजळला आणि भट्टीची ज्वाळा कढईच्या काठावरून उसळली की विद्यार्थी, संगणक-अभियंते, गवंडी, इस्टेट एजंट आणि त्यांच्यात दबकत मिसळलेले माझ्यासारखे निवृत्तिवेतनधारक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर मांडीला मांडी लावून बसतात. जे सहभोजन घडवून आणताना समाजसुधारकांच्या पिढ्या झिजल्या, ते येथे केवळ शेजवान चटणीच्या बळावर रोज बिनबोभाट पार पडत असते.

रक्तदाबाचा आणि साखरेचा अहवाल पाहून डॉक्टरांनी मला रोज सायंकाळी चालण्याची आज्ञा फर्मावली, तेव्हा त्यांनी ताथवड्याच्या भूगोलाचा यत्किंचितही विचार केला नव्हता. आमच्या सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडून कोणत्याही दिशेस वळले तरी पाच मिनिटांच्या आत तापलेल्या लोखंडावर पडलेल्या आल्या-लसणाचा तो किंचित करपट, किंचित आंबूस दरवळ नाकाला गाठतोच. आणि आरोग्यासाठी टाकलेली पावले आरोग्याच्या विरुद्ध बाजूस आपोआप वळू लागतात. या अवस्थेला लोक भूक म्हणतात, पण ती भूक नव्हे. त्याच क्षणी कोणी दोन पोळ्या आणि दुधी भोपळ्याची भाजी समोर ठेवली, तर ती तत्काळ अंतर्धान पावते. भुकेची समजूत अन्नाने घालता येते. वासनेशी मात्र तहाची बोलणीच करावी लागतात, आणि बोलणी करायची तर प्रतिपक्षाची कुलकथा ठाऊक असलेली बरी.

ही कुलकथा मोठी मनोरंजक आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत, टाँग अच्यू नामक चिनी गृहस्थाने कलकत्त्यानजीक जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढला. पुढे हक्का लोक आले, त्यांनी टांग्र्याच्या वस्तीत कातडी कमावण्याचा धंदा मांडला, आणि त्या वस्तीच्या चुलींवर नूडल्सनी बंगाली तिखटामिठाशी सोयरीक जुळवली. त्याच कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग पुढे मुंबईस आले आणि १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या भटारखान्यात, काहीतरी नवे हवे असा गिऱ्हाइकाचा आग्रह पडल्यावरून, त्यांनी हिरवी मिरची, आले आणि लसूण यांच्या आपल्या ओळखीच्या वाटणात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतून कोंबडी शिजवली, अशी त्यांची स्वतःची हकिकत आहे. म्हणजे मंचुरियन हा जन्माने चर्चगेटचा रहिवासी. मांचुरियाशी त्याचा संबंध केवळ नावापुरता. आणि कँटनकडच्या घरांत वाफवलेला मासा, परतलेला हिरवा पाला, पातळ सूप व साधा भात असे जे सौम्य जेवण असते, ते पाहून आमच्या नाक्यावरील गिऱ्हाईक ‘हे पथ्याचे आहे काय?’ असे विचारील. सबब, चायनीज खाऊन बिघडलेल्या प्रकृतीचा दोष चीनच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

या हकिकतीतून माझ्या हाती एक सूत्र लागले. आले, लसूण, मिरची, सिरक्याचा आंबटपणा आणि प्रखर आच, या पाच गोष्टींत त्या पदार्थाचा सगळा जीव आहे; आणि या पाचांपैकी एकीवरही माझ्या डॉक्टरांनी आजवर हरकत घेतलेली नाही. उपद्रव होतो तो चवीमुळे नव्हे, तिच्यासोबत येणाऱ्या लवाजम्यामुळे. पेशवाईत एखादा सरदार मुक्कामास आला तर एकट्या सरदाराचा पाहुणचार कोणत्याही गावास परवडावा. गाव उजाड होई ते त्याच्या मागून येणाऱ्या घोड्यांनी, उंटांनी आणि बुणग्यांनी. अर्थात शहाण्या पाटलाने सरदारास सन्मानाने आत घ्यावे आणि बुणग्यांना वेशीबाहेरच थोपवावे.

हाच प्रश्न अलीकडे दोन सरकारदरबारी निकालास आला आणि दोन्हीकडे निरनिराळा फैसला झाला. गोव्यात २०२२ साली वास्कोच्या दामोदर सप्ताहात गोबी मंचुरियनच्या गाड्या आवरण्याविषयी अन्न व औषध प्रशासनाने सूचना केली. आणि २०२४ साली म्हापसा नगरपालिकेने अस्वच्छता व कृत्रिम रंग या कारणांस्तव त्याच्या विक्रीस मनाईच केली. उलटपक्षी कर्नाटक सरकारने मार्च २०२४मध्ये मंचुरियनला हात न लावता त्यात कालवल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. म्हापशाने सरदारासकट लवाजमा हाकलला. बंगळुरूने सरदार ठेवून बुणगे हाकलले. खाण्याच्या बाबतीत मी बंगळुरूच्या पक्षाचा आहे. कारण जिभेला सरसकट हद्दपारीचा हुकूम सुनावला की ती रात्री अकरा वाजता मागच्या दाराने परत येते.

लवाजम्यातील पहिली असामी तळणीची. घरी कोबीची भाजी केली की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, तीच बालके किसलेल्या कोबीचे गोळे मैद्या-कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळले की आनंदाने फस्त करतात, आणि त्यांच्या माता ‘पोटात भाजी तरी गेली’ म्हणून समाधान मानतात. भाजी जाते हे खरे. परंतु मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि कॉर्नफ्लोअरचे आवरण तेल शोषून घेण्यात कसूर करीत नाही. शिवाय वारंवार तापवलेल्या तेलात साचणारी घातक संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १ जुलै २०१८ पासूनचा दंडक आहे. तथापि आचाऱ्याला त्याच्या कढईतील तेलाची जन्मतारीख विचारण्याचे धाडस ताथवड्यात अद्याप कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी असामी मिठाची, आणि ती फार धूर्त. कारण तिने आपला सारा दुलौकिक अजिनोमोटोच्या नावे चढवून ठेवला आहे. १९०८ साली टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशेवाळाच्या रश्श्यातून शोधून काढलेल्या या चवीच्या पदार्थावर १९६८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचे शंकावजा पत्र काय छापून आले, तो जन्माचा बदनाम झाला. आमच्या इमारतीतील एक गृहस्थ प्रत्येक वेळी ‘अजिनोमोटो नको हं!’ असे खणखणीत आवाजात बजावतात, आणि नंतर टेबलावरील सोया सॉसची बाटली जणू पंचामृताची आहे अशा श्रद्धेने ताटलीत उपडी करतात. वास्तविक मिठात सोडियमचा अंश सुमारे ३९ टक्के, तर अजिनोमोटोत सुमारे १२. आणि सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमांहून अधिक मिठाएवढे सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला दिवसभरासाठी पाच ग्रॅमांहूनही कमी मीठ मुक्रर केले आहे. बाटलीचे झाकण लावून ठेवणे, ही रक्तदाबाची पहिली चिकित्सा होय.

तिसरी असामी परिमाणाची, आणि तिचा संपूर्ण अवतार म्हणजे ट्रिपल शेजवान. फ्राइड राइस, त्यात नूडल्स, त्यांवर मंचुरियनची ग्रेव्ही आणि शिखरावर तळलेल्या कुरकुरीत शेवया, असा हा चतुर्विध पिष्टमय गोवर्धन एका गिऱ्हाइकासमोर ठेवला जातो. दोघांत एक मागवणे हा यावरील सोपा उतारा. पण त्यास दुसरा समंजस मनुष्य लागतो, आणि समंजस माणसे ट्रिपल मागवीत नाहीत.

मी पहिल्याने सर्वमान्य मार्ग चोखाळून पाहिला. म्हणजे आचाऱ्यापाशी ‘तेल कमी’ अशी दरखास्त गुजरली. नेपाळहून आलेला तो उमदा तरुण हसून आपल्या मराठीत म्हणाला, “काका, तेल कमी टाकलं तर भात कढईला चिकटणार, आणि नावं तुम्ही मला ठेवणार.” त्याचे म्हणणे बिनतोड होते. ज्या पदार्थाचा देहच तेलाचा, त्यातून तेल वगळण्याची विनंती करण्यापेक्षा ज्यात मुळात ते थोडके आहे असा पदार्थ मागणे, हा राजमार्ग होय. मंचावऐवजी कॉर्नफ्लोअरविरहित लिंबू-कोथिंबिरीचे पातळ सूप. तळलेल्यांऐवजी वाफवलेले मोमो, तेही मेयोनीजशिवाय. आणि फ्राइड राइसऐवजी साधा भात व लसणीवर परतलेल्या भाज्या वा चिकन. एवढे मागितले की सरदार येतो आणि घोडदळ बाहेर राहते.

याउलट आमच्या सूनबाईंनी सद्हेतूने ओट्सच्या नूडल्सची पाकिटे आणली. त्यांत मैदा नव्हता, हे पाकिटावर ठळक छापले होते. मीठ होते, ते पाठीमागे बारीक अक्षरांत होते. आणि चव कोठेच नव्हती. “बाबा, कसं झालंय?” या प्रश्नास मी कुटुंबसंस्थेच्या हिताचे उत्तर दिले. चिरंजीवांनीही मुकाट्याने वाटी संपवली, आणि मध्यरात्रीच्या सुमारास दाराशी घरपोच सेवेचा मुलगा पार्सल घेऊन उभा राहिला. सरदाराला हाकलून बुणग्यांनाच घरात घेतल्यावर दुसरे काय व्हायचे?

अखेर आमच्या कुटुंबाने हा तंटा मिटवला. “अहो, तुमच्या आजोबांच्या वेळचा फोडणीचा भात तो काय वेगळा होता?” असे म्हणून त्यांनी लोखंडी कढई चढवली, फ्रिजमध्ये ठेवलेला सकाळचा मोकळा भात मूठभर आणि चिरलेली कोबी, गाजर, फरसबी, सिमला मिरची व कांद्याची पात त्याच्या दुप्पट, असे प्रमाण धरले, दोन छोटे चमचे तेल, सढळ हाताने आले-लसूण, एक फेटलेले अंडे, थेंबभर सोया सॉस, सिरक्याचा शिडकावा आणि मोठी आच. कढई धुरावली, तोच दरवळ घरात कोंदला, आणि चिरंजीवांनी हातातला मोबाईल आपण होऊन खाली ठेवला.

तेव्हा वाचकहो, चायनीजची वासना झाली म्हणून प्रायश्चित्त घेण्याचे काही कारण नाही, आणि ओट्स चघळण्याचे तर मुळीच नाही. लसूण, आले, मिरची आणि आच यांवर मनसोक्त ताव मारा. तळण, मीठ आणि रंग यांना वेशीवर अडवा. आणि ट्रिपल मागवायचेच झाले तर किमान दोन स्नेह्यांना सोबत न्या.