व्हॅल्यू फॉर मनी अण्णा

नवा फोन घ्यायचा म्हटलं की शहाणा माणूस आधी दुकानात जात नाही, अण्णांकडे जातो. असा एक अण्णा हल्ली प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक आळीत सापडतो. कुठे त्याला मामा म्हणतात, कुठे सर. वय साठीच्या पुढे, एक फोन शर्टाच्या खिशात, दुसरा हातात. घरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवर आजवरच्या सगळ्या फोनची रिकामी खोकी नीट रचून ठेवलेली. ती टाकायची नसतात. टाकली की 'रिसेल व्हॅल्यू' जाते.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. पाचवीत भेटलेल्या इंग्रजीनं त्यांना मॅट्रिकला दगा दिला. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला थोरल्या भावाकडून वारशानं आली होती, पण तिच्यातली वाक्यं ज्याला ऐकवावीत असा साहेब काही त्यांच्या गाडीत चढला नाही. त्यामुळे निम्मी नोकरी होईपर्यंत अण्णांचं इंग्रजी 'नो चेंज' आणि 'डबल बेल' एवढ्यावर भागलं.

मग मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखरामांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, हे अण्णा शिवरायांच्या राज्याभिषेकाची तारीख सांगावी तशा सुरात सांगतात. त्या काळी आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. 'इनकमिंग', 'आउटगोइंग', 'रोमिंग' हे शब्द आपण सगळे असे, खिसा हलका होता होता शिकलो. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, पण तोवर शब्द पक्के बसले होते. शाळेतला शब्द चुकला तर मार्क जायचे, तेही उगाच. इथे चुकला तर बॅलन्स जायचा. माझ्या मते देशाच्या इंग्रजी शिक्षणातली एवढी परिणामकारक छडी दुसरी कुठली झाली नसेल.

त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया ११०० बाजारात आला आणि मग अण्णांच्या खिशात. 'इन्सर्ट सिम कार्ड' वाचून 'इन्सर्ट' आलं, 'मेसेज सेंडिंग फेल्ड' वाचून 'फेल्ड'. अर्थात त्या शब्दाची ओळख जुनी होती, फक्त माणसाशिवाय मेसेजही नापास होतो हे नव्यानं कळलं. बटणांच्या फोनवर ४६६३ दाबलं की 'होम'ही होतं आणि 'गुड'ही, पण फोन आधी 'गुड' सुचवायचा. अण्णा कधी पुढचा शब्द शोधत बसले नाहीत. मुक्कामाच्या गाडीवरून काकूंना वर्षानुवर्षं 'कमिंग गुड' असाच निरोप येत राहिला. काकू त्यावर भात टाकायच्या, आणि तो कधी गार झाला नाही.

अण्णांचं कॉलेज सुरू झालं ते मात्र २०१६ च्या सप्टेंबरात, जिओचा डेटा फुकट झाला तेव्हा. निवृत्त माणूस, दुपार मोकळी आणि यूट्यूबवर फोनची खोकी उघडून दाखवणारी पोरं. अण्णांनी पोथी ऐकावी तशी ती मन लावून ऐकली. 'प्रोज ॲण्ड कॉन्स', 'डील ब्रेकर', 'ओव्हरकिल', 'ॲट धिस प्राइस पॉइंट'. एकदा शब्द हाताशी आला की अण्णा तो फोनपुरता ठेवत नाहीत. एसटीत पंचवीस वर्षं सुटे पैसे सांभाळलेला माणूस, कुठलंच नाणं पडून राहू देत नाही.

मंडईत वांगी हातात घेऊन ते म्हणतात, "ॲट धिस प्राइस पॉइंट, मावशी, बिल्ड क्वालिटी बरी नाही."

"घ्यायची तर घ्या," मावशी म्हणतात, "पॉइंट काढू नका."

गुडघा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांना त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "फिजिकल डॅमेज नाही ना? ते वॉरंटीत बसत नाही." डॉक्टर म्हणाले, नाही हो, झीज आहे. "म्हणजे बॅटरी हेल्थ," अण्णांना हायसं वाटलं. त्या डॉक्टरांनी आता बाकीच्या पेशंटनाही तसंच सांगायला सुरुवात केली आहे म्हणे, आणि लोकांना पटतंही लवकर.

खरी कमाल लग्नाच्या बैठकीत. भाचीला स्थळ सांगून आलं, मुलगा पुण्यात, आईवडील गावाकडे शेतीवर. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि घरच्यांना एका वाक्यात सगळं समजावलं, "हँडसेट पुण्यात आहे, सासू-सासरे सोल्ड सेपरेटली." भाचीचा होकार तिथेच ठरला होता, असं माझं मत. पुतण्याच्या वेळी मात्र घोळ झाला. मुलगी आजेसासूशीही छान जमवून घेईल, जुन्याशी नव्याचं जुळेल, एवढंच अण्णांना म्हणायचं होतं. म्हणाले काय, तर "मुलगी एकदम बॅकवर्ड कम्पॅटिबल आहे!" मुलगी एम.टेक. झालेली. तिचे वडील पोह्यांची बशी हातात धरून तसेच बसले. शेवटी मुलगीच हसत सुटली आणि तिनं वडिलांना अर्थ सांगितला. लग्न झालं. आजेसासूचा फोन आता तीच अपडेट करते.

यावर हसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जाहिरातीतलं इंग्रजी अण्णांइतकं नेमकं वाचणारा माणूस आमच्या इमारतीत दुसरा नाही, आणि इमारतीत तीन इंजिनिअर आहेत. 'अप टू पन्नास टक्के' यातलं 'अप टू' म्हणजे 'पोचणार नाही', हे त्यांनी आख्ख्या सोसायटीला शिकवलं. 'नो कॉस्ट ईएमआय' दिसला की ते प्रोसेसिंग फी शोधतात. आयपी६८ मधला सहा धुळीचा आणि आठ पाण्याचा, हे पाढ्यासारखं म्हणून दाखवतात आणि लगेच बजावतात, "वॉटर रेझिस्टन्ट म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. फोन घेऊन गणपती बुडवायला पाण्यात उतरू नका." पुण्यातल्या तपकीर गल्लीतले दुकानदार त्यांना येताना पाहून आधी खुर्ची देतात आणि मग भाव खाली आणतात.

काकूंना या सगळ्या शब्दसंपत्तीतला एकच शब्द लागतो, तो त्यांनी लॉकडाउनमध्ये नातवाच्या ऑनलाइन शाळेतून उचलला. अण्णा रंगात आले की त्या आतून म्हणतात, "अहो, म्यूट व्हा." अण्णा होतात.

पहिल्या मजल्यावर निवृत्त बाई राहतात. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. अण्णांचं बोलणं ऐकून त्यांच्या कपाळाला ज्या आठ्या पडत, त्या आता कायमच्या झाल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरचे तात्या वारले. निरोप ग्रुपवर टाकायचं काम अण्णांकडे आलं. जुन्या अँड्रॉइड फोनवर ॲप बंद पडलं की जे वाक्य यायचं, ते अण्णांच्या मनात दुःखद प्रसंगाची भाषा म्हणून कोरलेलं. त्यांनी लिहिलं, 'अनफॉर्च्युनेटली, तात्या हॅज स्टॉप्ड.'

बराच वेळ ग्रुपवर कोणी काही लिहीना. बाईंनी म्हणे ते तीनदा वाचलं. मग जिन्यात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "व्याकरणात चूक नाही. प्रेझेंट परफेक्ट आहे. एकवचनी कर्ता, म्हणून हॅज. हे हॅज पोरांच्या गळी उतरवता उतरवता माझी नोकरी संपली हो." अण्णांना ते बंद पडलेल्या ॲपनं एका फटक्यात शिकवलं होतं. तात्यांच्या मुलानं खाली हात जोडल्याचं चित्र टाकून 'थँक्यू अण्णा' लिहिलं. त्याला वाईट वाटलं नव्हतं. तात्यांचा शेवटचा फोनही अण्णांनीच निवडून दिला होता.

तेव्हा फोन घ्यायचा असेल तर तुमच्या आळीतल्या अण्णांना जरूर विचारा. बजेट सांगताना दोन हजार कमीच सांगा, कारण 'थोडं स्ट्रेच केलं तर' हे ते म्हणणारच. आणि संध्याकाळी जाणार असाल, तर जेवून जा.