जुन्या गेमिंग पीसीचा पुनर्विकास : नियम व कार्यपद्धती (पुणे शहर हद्द)

पुण्यात जुन्या इमारतीचा विषय निघाला की सोसायटीत दोन तट पडतात. एक म्हणतो डागडुजी करू, दुसरा म्हणतो पाडून नवीन बांधू. टेबलाखाली घरघरणाऱ्या सात-आठ वर्षांच्या गेमिंग पीसीचंही तेच होतं. त्यावरून घराघरांत होणारे वाद टाळण्यासाठी खालील नियमावली जारी करण्यात येत आहे. ती कोथरूडपासून खराडीपर्यंत लागू राहील. पिंपरी-चिंचवडकरांनी ती स्वतःच्या जबाबदारीवर वाचावी.

कलम १ : साफसफाई

एक रुपयाही खर्च करण्याआधी पीसी बंद करून, वायर काढून कॅबिनेटची बाजू उघडावी. शहरात बारा महिने कुठला ना कुठला रस्ता खोदलेला असल्याने प्रोसेसरच्या पंख्याखाली हीटसिंकवर राखाडी थर सापडेल. तो नखाने उचलला तर अखंड निघतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी.

प्रोसेसर फार तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की गेम अडकू लागतो आणि घरात ‘पीसी म्हातारा झाला’ असा ठराव मंजूर होतो. पुष्कळदा तो नुसता तापलेला असतो. साफसफाईने काम भागलं, तर अर्जदाराने पुढची कलमं वाचू नयेत. अर्थात, तो वाचणारच.

कलम २ : स्ट्रक्चरल ऑडिट

मित्राने नवं कार्ड घेतलं, हे ऑडिट नव्हे. आधी गेममधलं व्ही-सिंक आणि एफपीएसची मर्यादा बंद करावी, नाहीतर ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर कार्ड निवांत बसलेलं दिसतं आणि निष्कर्ष चुकतो. मग गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर बघावा. ग्राफिक कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर अडचण कार्डाची. कार्ड पन्नास-साठ टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि रिझोल्यूशन कमी करूनही एफपीएस हलत नसेल, तर बहुधा प्रोसेसरची. रॅम काठोकाठ भरून हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर गेली असेल, तर दोन्ही बिचारे निर्दोष आहेत.

कलम ३ : डागडुजीचा क्रम

(अ) रॅम : आठ जीबीची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या खाचेत बसवावी. दोन पट्ट्यांमुळे ड्युअल चॅनेल चालू होतं. डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ बसत नाही, जोर लावू नये. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव भडकले आहेत, त्यामुळे सेकंडहँड पट्टी घेण्यात कमीपणा मानू नये.

(आ) एसएसडी : हिने एफपीएस फारसे वाढत नाहीत, पण गेम लोड होईतो चहा करून आणायची सवय मोडते. २०२३ च्या स्टारफिल्डपासून तर एसएसडी ही किमान अटच होऊ लागली आहे.

(इ) ग्राफिक कार्ड : सगळ्यात मोठा खर्च, म्हणून शेवटी. आधी कॅबिनेटमध्ये पट्टी धरून लांबी मोजावी. तीन पंख्यांचं कार्ड हार्ड डिस्कच्या जाळीला अडतं, ही गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

कलम ४ : एसएमपीएस

वीज पुरवणारा हा सभासद कधी तक्रार करत नाही, थेट जातो आणि जाताना शेजाऱ्यांनाही नेतो. जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅटवर, वेगळी वायर न घेता चालायचं. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसवरचा ४५० वॅटचा आकडा हा निवडणुकीतल्या आश्वासनाच्या दर्जाचा समजावा.

कलम ५ : पुनर्विकास केव्हा

प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड कोणता, हे आधी बघावं. २०१७ चे बरेच एएम ४ बोर्ड बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी घेतात. इंटेलच्या आठव्या पिढीचा बोर्ड मात्र नवव्या पिढीपुढे जात नाही. तिथे नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड, नवा बोर्ड म्हणजे बहुधा नवी रॅम, आणि एवढं झाल्यावर कॅबिनेट जुनं दिसू लागतं. या साखळीत तीन भाग आले की डागडुजी हा शब्द वापरण्यास मनाई आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. अशांनी सरळ पाडकामाला लागावं.

अपग्रेडचा पूर्वदाखला शहरातलाच आहे. सी-डॅकने २००८ चा ५४ टेराफ्लॉप्सचा ‘परम युवा’ महासंगणक फेब्रुवारी २०१३ मध्ये अपग्रेड करून ५२४ टेराफ्लॉप्सवर नेला. त्यात मुख्य प्रोसेसरांच्या जोडीला झिऑन फाय ही गणिताची ओझी वाहणारी कार्डं होती. खर्च १६ कोटी, मुदत तीन महिने आणि वीज सुमारे ३५ टक्के कमी, अशी तेव्हाची घोषणा होती. अर्जदाराने घरी यातला फक्त विजेचा आकडा सांगावा.

कलम ६ : खरेदी

तपकीर गल्लीत गाडी लावायला जागा मिळेल, हा भ्रम सोडून मेट्रोने मंडईला उतरावं. ‘बजेट किती?’ या प्रश्नाला खरं उत्तर देऊ नये, कोटेशन बरोबर तेवढ्याचंच निघतं. ‘बिलाशिवाय स्वस्त पडेल’ असं कानाशी येऊन सांगितलं, तर १८ टक्के जीएसटी वाचतो आणि वॉरंटीही वाचते, म्हणजे ती दुकानदाराची वाचते.

कलम ७ : संमती

सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या सूचनांनुसार सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. पीसीला एकाच सभासदाची पुरते, पण तिच्यापुढे गणसंख्या चालत नाही. ‘आई, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लागतंय गं’ हा अर्ज प्रत्येक पिढीने वापरलेला असल्याने बाद ठरवण्यात आला आहे. एफपीएस समजावून सांगू नयेत. ‘चालतोय ना अजून?’ असा प्रश्न आल्यास कलम १ पासून पुन्हा सुरुवात करावी.