हातभर अंतर, द्राविडी प्राणायाम

एकाच टेबलावर, एकाच वायफायवर विंडोज आणि लिनक्स शेजारी नांदतात; लग्नाचे फोटो मात्र अजून पेन ड्राइव्हवर बसून हातभर प्रवास करतात. यावर तोडगा नाही असं नाही. कॅनबेरात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 च्या सुमारास नेटवर्कवरची ये-जा न्याहाळत विंडोजची फाइल-वाटपाची भाषा, म्हणजे एसएमबी, उलगडली आणि त्यातून ती बोलणारा ‘सांबा’ हा प्रोग्राम उभा राहिला. मायक्रोसॉफ्टने या भाषेची अधिकृत कागदपत्रं दिली ती 2007 च्या डिसेंबरात, युरोपीय आयोगाने कान पिळल्यावर, वर 10,000 युरो घेऊन. पोरगं पदवीधर झाल्यावर बालभारती मिळावी, तीही विकत!

तर सांबा बसवा. लिनक्सचा पासवर्ड त्याला चालत नाही, स्वतःचा निराळा लागतो. तिकडे विंडोज तुमच्याच बैठकीतल्या नेटवर्कला ‘पब्लिक’ ठरवून दार लावून बसलेलं. 2017 च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या प्रकरणानंतर जुना एसएमबी 1 नव्या विंडोजमधून हद्दपार झाला, ते योग्यच. पण त्यामुळे शेजारचा लिनक्स ‘नेटवर्क’च्या यादीत दिसेनासा झाला. उलट्या तिरक्या रेघा आणि आयपी पत्ता हाताने टाका, की हजर! यादीत नाव नसलेला मतदार म्हणतात तो हाच.

एवढं करून लिनक्सवरची ‘आजीची पंच्याहत्तरी: केक कुणी कापला?’ ही फाइल विंडोजवर उघडायला जावं, तर अपूर्णविराम-प्रश्नचिन्हासारख्या खुणा विंडोजला वर्ज्य. सांबा बिचारा समेट घडवतो: आजी गायब, केक गायब, उरतात काही इंग्रजी अक्षरं-आकडे आणि त्यांच्यात एक नागमोडी रेघ.