काटा फक्त फाटकावर

वरच्या मजल्यावरच्या वहिनी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभ्या. "लागलं हो एकदाचं!" काय लागलं, हे विचारायची गरज नव्हती. आपल्याकडे नंबर लागतो, लॉटरी लागते, वेड लागतं आणि अकरावीला कॉलेज लागतं.

यादी ४८१ वर बंद झाली, चिरंजीवांना ४८३. दोन गुणांनी घराणं तरलं. (या पाचशेतले शंभर गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेने आपल्या हाताने वाढलेले. पण पेढा तोंडात असताना हा विषय काढायचा नसतो.) मी आपलं सहज विचारलं, "केमिस्ट्रीला कोण आहेत तिथे?" पेढ्यातला खवा कुठून आणला असं विचारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"तो कुठे जाणारे कॉलेजला! क्लास सकाळी सातपासून. कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला. हजेरीचं काय, होतं सगळं."

"मग हेच कॉलेज कशाला हवं होतं?"

"अहो, नाव!"

बरोबर आहे. नाव घ्यायला कॉलेजात जावं लागत नाही. देवाचंही आपण घरूनच घेतो.

नावाची ही भूक आजची नव्हे. टिळक, आगरकर, नामजोशी ही मंडळी काही सरकारची भाट नव्हती. तरी १८८५ मध्ये त्यांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने पुण्यात कॉलेज काढलं तेव्हा पाटीवर नाव घातलं ते मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचं. पुढे १९१९ मध्ये सांगलीत काढलं, तेव्हा विलिंग्डन. तेही गव्हर्नरच. पाटीवर कोणाचं नाव असलं की दारं उघडतात, हे थोरांनाही कळत होतं. फक्त पाटीच्या आत तेव्हा माणसं होती. इमारत नव्हती, वर्ग पेठेतल्या वाड्यात भरत. टिळक गणित शिकवत, मागून गोखले आले, आणि सोसायटीच्या आजीव सदस्याचा पगार महिना पंचाहत्तर रुपये. केंब्रिजला रँग्लर झालेले र. पुं. परांजपेही तिथेच येऊन शिकवायला लागले. आज पुण्यात दहा जणांना विचारा, फर्ग्युसन कोण? नऊ जण रस्ता दाखवतील. गव्हर्नरसाहेबांना ओळखणारं कोणी उरलं नाही, नाव उरलं. ते त्यांनी मोठं केलेलं नाही, पंचाहत्तर रुपयांवाल्या मास्तरांनी केलंय.

आता मास्तर जाऊ दे, अक्षरं सांभाळा, असा जमाना. मुंबईचं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ चं. १९९७ मध्ये राणीला निवृत्त करून तिथे वीरमाता जिजाबाईंचं नाव दिलं, आणि नामांतर असं बेतलं की व्हीजेटीआय ही अक्षरं जागची हलली नाहीत. इतिहासही सुधारला, बायोडेटाही वाचला. (संस्था चांगलीच आहे, मी टाळ्या नामकरण करणाऱ्यासाठी वाजवतोय.) बाकीच्यांनीही हा धडा गिरवला असावा. व्हीआयटी पुण्यात आहे, वडाळ्याला आहे, वेल्लोरला आहे. एमआयटी पुण्यात, चेन्नईत आणि मणिपालमध्ये आहे. अमेरिकेतही एक आहे म्हणतात.

तर वहिनींचं कॉलेज. ते चांगलं कशावरून? कटऑफवरून. कटऑफ एवढा चढा का? कॉलेज चांगलं आहे म्हणून. हे गाडं एकदा फिरायला लागलं की कोणी ढकलावं लागत नाही.

या बाबतीत ऊसवाला शेतकरी आपल्याहून शहाणा. कारखान्याची चिमणी किती उंच, चेअरमन कोणाचा कोण, याला तो भुलत नाही असं नाही, मतदानाला भुलतोच. पण पैशाची गोष्ट निघाली की विचारतो, उतारा काय? शंभर किलो उसातून साखर किती निघाली? एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, तीसुद्धा त्या उताऱ्यावर ठरते. आपण मात्र कॉलेजच्या फाटकावरचा वजनकाटा तेवढा बघतो. आत ९६ टक्क्यांची पोरं गेली. बाहेर काय पडलं? बारावीच्या बोर्डाला ८८. मधले आठ टक्के कोणी खाल्ले, विचारायचं नाही. उसाच्या गाडीला काटा मारला तर तालुक्यात मोर्चा निघतो. इथे पेढे निघतात.

शिवाय साखर आधी उसात असते. गोड ऊस दारात आल्यावर फुशारकी कोणीही मारेल. कटऑफ हा कॉलेजचा गुण नाही, गिऱ्हाइकांचा आहे. कसब बघायचं तर तालुक्याच्या गावातल्या त्या कॉलेजात बघा, जिथे बावन्न टक्क्यांची पोरं एसटीने येतात, निम्मी दुपारी रानात जातात, आणि तरी दोन वर्षांनी पासष्ट-सत्तर घेऊन बाहेर पडतात. त्यांचा फ्लेक्स लागत नाही. फ्लेक्स छापणाऱ्याकडे पासष्ट टक्क्यांसाठी डिझाइनच नसतं.

लातूरचं उदाहरण यात मोठं बोलकं. एके काळी लातूर हे काही शिक्षणाचं नाव नव्हतं. राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांतल्या मास्तरांनी जादा तास घेतले, चाचण्यांवर चाचण्या लावल्या, पोरांना घासून घासून बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नेऊन बसवलं. लातूर पॅटर्न असं नाव झालं. नाव झालं म्हणताना राज्यभरातून ट्रंका आल्या, खानावळी आल्या, क्लास आले, आणि गुणवान पोरं आपण होऊन आली. आता त्या निकालात पॅटर्न किती आणि पोरं किती, हे वेगळं काढून दाखवणारा माणूस मला भेटायचाय.

सरकारही मागे नाही. २०१६ पासून एनआयआरएफची राष्ट्रीय क्रमवारी लागते. शिकवणं, संशोधन, पदवीनंतरचं काय, सगळ्याला गुण. शंभरातले दहा गुण मात्र लोकांच्या मनातल्या प्रतिमेला. म्हणजे नाव आहे म्हणून गुण, गुण आहेत म्हणून वरचा क्रमांक, आणि क्रमांक आहे म्हणून नाव. वहिनींचंच गाडं, फक्त दिल्लीत फिरणारं. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची तर निराळीच मौज. समिती यायची म्हटलं की कॉलेजचं लग्नघर व्हायचं: भिंतींना रंग, कुंड्या, रांगोळी, तीन वर्षं कुलुपात असलेल्या ग्रंथालयात अचानक वाचक. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर सीबीआयने अशा एका समितीच्या अध्यक्षांसह काही जणांना अटक केली. आरोप असा की आंध्रातल्या एका संस्थेला 'ए प्लस प्लस' देण्यासाठी लाच घेतली. आरोपाचं काय ते न्यायालय बघेल. मला आपलं कुतूहल त्या दुसऱ्या प्लसचं, त्याचे पैसे वेगळे लावतात का?

नाव अगदीच वाया जातं असं मी म्हणणार नाही. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एक हिशेब मांडला. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही जी मुलं कमी नावाच्या ठिकाणी गेली, त्यांची पुढची कमाई नामांकित ठिकाणी गेलेल्यांएवढीच निघाली. हुशारी पोरांची होती, ती पोरांबरोबर गेली. अपवाद होता गरीब घरच्या मुलांचा. त्यांना मोठ्या नावाचा खरंच फायदा झाला. हे पटतं. ज्याच्या घरात कोणी पदवीधर नाही, त्या पोराला मुलाखतीच्या दारात त्या नावाचा पास लागतो. पण ४८१ ची यादी सहसा ज्यांच्या पोरांनी भरते, त्यांच्या खिशात बापाच्या ओळखींचा पास आधीच असतो.

आणि आत? आत कॉलेजच्या पाटीखाली 'तासिका तत्त्वावर' नावाची जमात राहते. सीएचबी. नेट-सेट झालेली, एखाद-दुसरी पीएचडीही असलेली माणसं, जितके तास तितके पैसे, मे महिन्यात तास नाही म्हणून पैसे नाहीत. माझ्या ओळखीचे एक सर आहेत. सकाळी पावणेआठला गावाबाहेरच्या एका बिननावाच्या कॉलेजात, साडेअकराला शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात. रसायनशास्त्र तेच, खडू तोच, स्कूटरही तीच. पहिल्या ठिकाणी शिकवतात तेव्हा म्हणे दर्जा बेताचा असतो. तिथून अकरा किलोमीटर स्कूटर चालवली की तो उंचावतो. त्यांना विचारलं, कुठे बरं वाटतं? म्हणाले, "पहिल्या. तिथे पोरं येतात वर्गात."

परवा ऑगस्टच्या शेवटी वहिनी पुन्हा दारात. या वेळी पुडा नव्हता.

"क्लासमध्ये दीडशे पोरं हो, शंकाच विचारता येत नाहीत. केमिस्ट्रीचं कोणी घरी येऊन शिकवणारं आहे का ओळखीत? जरा चांगलं हवं."

मी सरांचा नंबर दिला. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी सात ते साडेआठ सर वरच्या मजल्यावर असतात. वहिनी खूष आहेत. म्हणतात, असा शिक्षक कॉलेजात असता तर! मी काही बोललो नाही. सर त्याच कॉलेजात, त्याच तुकडीला, साडेअकराचा तास घेतात. मुलाला अजून माहीत नाही. सरांना पहिल्याच दिवशी कळलं, त्यांच्या हजेरीपटावर त्याचं नाव आहे.