शिफारसकर

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या मराठी घरांत नवा सिनेमा लागल्याची खबर सर्वात आधी शिफारसकरांच्या फोनवरून येते. हे त्यांचं खरं आडनाव नव्हे, आम्ही बहाल केलेलं आहे. नोकरी बंदरात. कुठला कंटेनर कुठून आला आणि कुठल्या जहाजावर चढणार, हे त्यांना तोंडपाठ असतं. कॉमिक्समधून पडद्यावर आलेल्या सुपरहिरोंचीही ते अशीच चोख नोंद ठेवतात.

इकडे इंग्रजी सिनेमे बहुधा गुरुवारी लागतात. त्यामुळे त्यांचा फोन बुधवारी येतो.

"वहिनी, सुपरमॅन बघताय ना?"

"बघू की. उद्या लागतोय ना?"

"म्हणूनच विचारतोय. तयारी कुठवर आली?"

जुलै 2025मध्ये लागलेला जेम्स गनचा 'सुपरमॅन' म्हणजे मुळात नवा डाव. मागचं काहीही न बघता समजावा, म्हणून सगळा पूर्वेतिहास सुरुवातीच्या चार ओळींत उरकलेला. शिफारसकरांना हा सरळसरळ कॉपीचा प्रकार वाटतो. त्यांनी आम्हाला रीतसर अभ्यासक्रम लावून दिला: सीगल आणि शुस्टर या जोडीचं 1938चं मूळ कॉमिक, मग ख्रिस्तोफर रीव्हचा 1978चा चित्रपट, मग 2013चा 'मॅन ऑफ स्टील'. "निदान एवढं तरी करा, नाहीतर मजा येणार नाही."

त्यातून सुटलो म्हणून आम्ही खुशीत होतो. पण त्याच आठवड्यात शारजाहून येताना ते आमच्या गाडीत बसले. 2019मध्ये खुल्या झालेल्या या रस्त्यावर डोंगर पोखरून काढलेले 5 बोगदे आहेत. पहिल्या बोगद्यात क्रिप्टन ग्रह फुटला. दुसऱ्यात बाळ कॅन्ससच्या शेतात उतरलं. तिसऱ्यात लोइस लेन भेटली, चौथ्यात लेक्स लूथरचं डोकं फिरलं. पाचव्या बोगद्याच्या तोंडाशी उजेड दिसला, तेव्हा त्यांनी शेवट सांगून टाकला आणि वर म्हणाले, "बाकीचं सांगत नाही हं. रहस्य फोडणारी माणसं मला आवडत नाहीत."

त्यांना निरुत्तर केलं ते फक्त आमच्या सासऱ्यांनी. अप्पा महिनाभर राहायला आले होते. 'टाइम्स'च्या इंद्रजाल कॉमिक्सवर त्यांचा पिंड पोसलेला. सगळं व्याख्यान शांतपणे ऐकून ते म्हणाले, "तुमचा सुपरमॅन 1938चा ना? आमचा वेताळ 1936चा. दोन वर्षांनी थोरला. आणि त्याला उडावंही लागत नव्हतं." शिफारसकर त्या संध्याकाळी चहा न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: "अप्पा, वेताळावर 1996 साली निघालेला 'द फँटम' बघितलात का? नाही? अरेरे!"

शेवटी आम्ही सगळे त्यांच्याबरोबर फुजैराच्या सिटी सेंटरला गेलो. सिनेमा संपला, दिवे लागले, झाडूवाले आत आले. आम्ही उठणार तोच शिफारसकरांनी रांगेच्या तोंडाशी पाय आडवा घातला. "बसा! अजून आहे." श्रेयनामावलीतली हजारो नावं सरकून गेल्यावर सुपरमॅन पुन्हा अवतरला आणि शहराच्या डागडुजीत एका इमारतीचा सांधा नीट बसला नाही म्हणून कुरकुरला. असली तक्रार आमच्या पनवेलच्या सोसायटीत दर महिन्याच्या बैठकीत फुकट ऐकायला मिळते.

त्यांच्या मिसेस मात्र आल्या नव्हत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मला सगळा पाठ आहे. कशाला पैसे घालवू?"

सिनेमा खरोखर चांगला आहे. दोन तास नऊ मिनिटं कंटाळा येत नाही, आणि तो क्रिप्टो कुत्रा तर पोरांना फारच आवडतो. तेव्हा सुपरहिरोंचा पुढचा सिनेमा लागला की जरूर जा. फक्त तिकिटं गुपचूप काढा, आणि तुमच्या गावच्या शिफारसकरांना बघून आल्यावरच कळवा. तेही जमलं तर टाळा, कारण 'बघितला' म्हणालात की ते लगेच विचारतील, "समजला का?"