सम की विषम? विचारून सांगतो!

आजच्या प्रोग्रामरला कुणी गर्विष्ठ म्हणू नये. एखादी संख्या विषम आहे का, हे तो स्वतःच्या जबाबदारीवर ठरवत नाही. त्यासाठी एनपीएम या जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या भांडारात 'इज-ऑड' हे पॅकेज आहे. सम आहे का हे पाहायचं, तर 'इज-इव्हन' आहे. ते तरी कुठे ठरवतंय? ते 'इज-ऑड'ला विचारतं आणि आलेलं उत्तर उलटं करून पुढे सरकवतं. 'इज-ऑड' आधी 'इज-नंबर'कडून खात्री करून घेतं, की ही मुळात संख्याच आहे ना? मंत्रालयातली फाईल ही साखळी पाहून लाजेल.

मार्च 2016मध्ये 'किक' या पॅकेजच्या नावावरून एका कंपनीचं आणि पॅकेजच्या लेखकाचं वाजलं. एनपीएमने नाव कंपनीच्या पदरात टाकलं. लेखकाने चिडून आपली अडीचशेहून अधिक पॅकेजं उचलली आणि तो चालता झाला. त्यातच होतं 'लेफ्ट-पॅड'. मजकुराच्या डावीकडे मोकळ्या जागा किंवा शून्यं भरायची, एवढंच त्याचं काम. ओळी 11. तेवढ्यावरून बड्याबड्यांचे बिल्ड कोसळले! भरपगारी इंजिनिअरांच्या फौजा असूनही डावीकडे शून्य लावायला माणूस मिळेना. पुढे जावास्क्रिप्टमध्येच ती सोय आली, 'लेफ्ट-पॅड'वर 'वापरू नका' अशी पाटी लागली. डाउनलोड मात्र चालूच. पाटी वाचायचं पॅकेज अजून निघालेलं नसावं.

असा फुकटचा कोड सांभाळणाऱ्यांना समाज सहकार्य करत नाही, असंही नाही. 'एक्सझेड' ही लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी फायली आवळायची प्रणाली एक थकलेला गृहस्थ फुकट सांभाळत होता. मदतीऐवजी त्याला तगादे येत होते. अखेर 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे राबलं, विश्वास कमावला, आणि 2024मध्ये त्यात चोरदरवाजा बसवला. म्हणजे चिकाटीने हातभार लावणारा भेटला, तो दरोडेखोर! लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असं एका चिकित्सक इंजिनिअरला खटकलं म्हणून जग वाचलं.

कंपन्यांनाही काळजी आहेच. 'लॉगफोरजे' या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीतल्या भगदाडाने हाहाकार उडाल्यावर, जानेवारी 2022मध्ये एका महाकाय कंपनीने 'कर्ल' या डेटाची ने-आण करणाऱ्या मोफत साधनाचे कर्ते डॅनिएल स्टेनबर्ग यांना प्रश्नावली धाडली: तुमच्याकडे काय काय बाधित आहे, 24 तासांत कळवा. 'कर्ल'मध्ये 'लॉगफोरजे' नव्हतंच आणि कंपनीने स्टेनबर्गना कधी छदामही दिला नव्हता. त्यांनी नम्रपणे कळवलं, की आधी सपोर्टचा करार करा, मग आनंदाने सगळी उत्तरं देतो.